एल-फोर, एल-फाइव्ह

कमरेच्या एमआरआयची फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली की वीसेक छोट्या चौकटी एकदम समोर येतात. वाचायला सुरुवात मात्र एकाच चौकटीपासून करायची: शरीराच्या बरोबर मधोमध घेतलेला उभा छेद. पोट डावीकडे, पाठ उजवीकडे. कमरेचे पाच मणके एकाखाली एक उतरत येतात, किंचित पुढे झुकतात आणि शेवटी मागे वळून त्रिकास्थीला मिळतात. त्यांच्या पाठीमागून एक पांढरीशुभ्र धार खाली येते. ती मज्जारज्जूभोवतीच्या पाण्याची. ‘टी-टू’ नावाच्या या चित्रात पाणी पांढरं दिसतं. त्या पांढऱ्यात वरून आलेला करडा मज्जारज्जू पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी निमुळता होऊन संपतो आणि पुढे उरतात ते मज्जातंतूंचे सुटे धागे. जुन्या शरीरशास्त्रज्ञांनी त्यांना घोड्याचं शेपूट म्हटलं, आणि त्यांच्या नजरेला दाद द्यायला हवी. पण त्यांनी ते प्रेतावर पाहिलं होतं. आपण ते जिवंत माणसात, त्याच्या कातडीवर ओरखडाही न उमटवता पाहतो. चौकट इतकी देखणी की ज्याची ती आहे त्याची तक्रार काय होती, हे पाहणारा विसरून जातो.

दोन मणक्यांच्या मधे गादी. तरुण माणसाच्या गादीचा गाभा पाण्याने भरलेला, म्हणून पांढरा. भोवतीचं तंतूंचं कडं काळं. वय वाढतं तसा गाभा सुकतो, पांढऱ्याचा करडा होतो, करड्याचा काळा. शहाळ्याचा नारळ होतो, तसंच. सगळ्यात खालच्या दोन गाद्या बहुधा आधी काळवंडतात, कारण वाकण्या-उचलण्याचा मोठा वाटा त्यांच्याकडे. म्हणून चौथ्या-पाचव्या मणक्यामधल्या गादीची ‘एल-फोर एल-फाइव्ह’ ही अक्षरं आपल्याकडे शुगर-बीपीइतकी घरची झाली आहेत. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेला अनोळखी माणूस जिलेबी यायच्या आत आपला एल-फोर एल-फाइव्ह सांगून मोकळा होतो, आणि समोरचा ‘माझा फाइव्ह-एस-वन’ म्हणून उत्तर देतो.

हे चित्र कशाचं आहे, हा प्रश्न त्या पंगतीत कुणी विचारत नाही. दीड टेस्लाचं चुंबक, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे तीस हजारपट. त्यात माणूस आडवा. त्याच्या अंगातल्या हायड्रोजनच्या अणुकेंद्रांना रेडिओलहरींचा धक्का द्यायचा आणि ती पूर्वपदाला येताना जो क्षीण संदेश सोडतात तो टिपायचा. त्या संदेशातून चित्र कसं रचायचं हे पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफिल्ड यांनी १९७०च्या दशकात दाखवलं, २००३चं नोबेल त्यांना मिळालं. हायड्रोजन शरीरात मुख्यतः पाण्यात आणि चरबीत. तेव्हा फिल्मवर जे उमटतं ते पाण्याचं आणि चरबीचं वाटप. दुखण्याचा संदेश नेणारा तंतू चेतलेला असो की शांत, या चित्रात त्याचा रंग तोच.

आणखी एक गोष्ट पाहणाऱ्याने ध्यानात ठेवावी. माणूस उताणा झोपलेला असताना हे चित्र काढलेलं आहे. ज्याला पाऊण तास खुर्चीत बसलं की पायात कळ उतरते, किंवा बाजारापर्यंत चालत गेलं की पोटऱ्या भरून येतात आणि कठड्यावर वाकून उभं राहिल्यावर बरं वाटतं, त्याचं चित्र आपण त्याला सगळ्यात कमी दुखतं अशा स्थितीत काढतो. नेहमीच्या यंत्राची रचनाच तशी.

फिल्मसोबत रिपोर्ट येतो. घरी फिल्म कुणी उघडत नाही, रिपोर्ट सगळे वाचतात. इंग्रजीतला दीड पानी मजकूर, त्यात कर्ता कुठेच नाही, क्रियापदं मोजकी. चांगला रिपोर्ट लिहिणं अवघड असतं आणि चांगला रिपोर्ट वाचायला खरोखर मजा येते. पण आधी नेहमीचा घेऊ.

पहिलं वाक्य बहुधा ठरलेलं: ‘लॉस ऑफ लंबर लॉर्डोसिस, सजेस्टिव्ह ऑफ मसल स्पॅझम’. कमरेचा नैसर्गिक बाक गेला आहे, म्हणजे स्नायू आखडले असावेत. वाक्य भारदस्त आहे. फक्त त्या खोलीत काय चालतं ते पाहिलं असेल तर ओठ जरा मुडपतात. पेशंटला उताणं पडून राहणं सुसह्य व्हावं म्हणून तंत्रज्ञ त्याच्या गुडघ्यांखाली उशी देतो, आणि गुडघे वर आले की कमरेचा बाक आपोआप सपाट होतो. कित्येक रिपोर्टांतलं हे पहिलं निदान त्या उशीचं असतं.

मग ‘डिस्क डेसिकेशन’. गादी सुकली आहे. शहाळ्याचं सांगून झालंच आहे. त्यानंतर रिपोर्टाचं मध्यवर्ती वाक्य: ‘डिफ्यूज पोस्टीरियर डिस्क बल्ज ॲट एल-फोर एल-फाइव्ह, इंडेंटिंग द थीकल सॅक’. यावर थांबायला हवं. बल्ज म्हणजे गादीचा काठ मणक्याच्या कडेबाहेर आलेला, आणि तोही घेराच्या चतुर्थांशाहून जास्त भागात, अशी २०१४ची मान्य व्याख्या आहे. त्याहून कमी भागातून बाहेर आली तर ती हर्निएशन, घरगुती भाषेत ‘गादी सरकली’. थीकल सॅक म्हणजे ती पाण्याची पिशवी, आणि ‘इंडेंटिंग’ म्हणजे तिला पुढून किंचित खोलगा पडला. आत पाणी आहे, धाग्यांना बाजूला व्हायला जागा आहे. नसेला काय झालं, हे वाक्य सांगतच नाही. कसबी लेखक इथे तीन क्रियापदं वेगळी ठेवतो: गादी नसेला टेकली, गादीने नस सरकवली, गादीने नस चेपली. पहिल्या क्रियापदाने कुणाची झोप उडायचं कारण नाही, तिसऱ्याची दखल घ्यायला हवी. नेहमीच्या रिपोर्टात तिन्हींच्या जागी ‘इंडेंटिंग’ येतं आणि घरी पोचेपर्यंत त्याचं ‘नस दबली’ झालेलं असतं.

गादीवर हा आळ आला कधी? फार जुनी गोष्ट नाही. वुर्ट्सबुर्गमध्ये १८९५च्या नोव्हेंबरात राँटगेनला क्ष-किरण सापडले आणि डिसेंबरात त्याने बायकोच्या हाताचं, अंगठीसकट, चित्र काढलं. पुढची कित्येक वर्षं दुखण्याचं मूळ शोधायचं तर हाडांत, कारण दिसत होती ती हाडंच. गादीचे बाहेर आलेले तुकडे शल्यचिकित्सकांच्या हाती लागत, पण ते गाठी म्हणून नोंदले जात. बॉस्टनच्या मिक्स्टर आणि बार यांनी १९३४मध्ये दाखवून दिलं की त्या गाठी नव्हेत, फाटलेल्या गादीचाच भाग आहे आणि तो मज्जातंतूंवर येऊन पडतो. निबंध थोर आहे. त्यांचे रुग्ण मज्जातंतूंवर खरोखर दाब आलेले होते. पुढे सीटी आला, एमआरआय आला, गादी चौकटीच्या मध्यभागी आली, आणि मिक्स्टर-बार यांनी मोजक्या रुग्णांबद्दल सांगितलेलं सगळ्या जगाच्या कंबरदुखीला लागू झालं. यंत्राला जे नीट दिसतं ते गुन्हेगार ठरतं, असा माझा या इतिहासाबद्दलचा अप्रिय निष्कर्ष आहे.

तो नुसता शेरा राहू नये म्हणून पुरावा. मॉरीन जेन्सन आणि सहकाऱ्यांनी १९९४मध्ये पाठ अजिबात न दुखणाऱ्या ९८ जणांचे एमआरआय काढले. ५२ टक्क्यांच्या निदान एका पातळीवर बल्ज होता, २७ टक्क्यांची गादी एका ठिकाणी बाहेर आलेली होती. सगळ्या गाद्या निर्दोष निघाल्या फक्त ३६ टक्क्यांच्या. पुढे २०१५मध्ये असे ३३ अभ्यास एकत्र केले गेले, ३,११० लोक, सगळे वेदनाविरहित. विशीतल्या ३७ टक्क्यांच्या गाद्या झिजलेल्या, ऐंशीतल्या ९६ टक्क्यांच्या. ऐंशी वर्षांच्या धडधाकट आजोबांचा निर्दोष एमआरआय पुढे आला तर मी आधी फिल्मवरचं नाव तपासीन.

रिपोर्टातले आणखी दोन शब्द. ‘ॲन्युलर टेअर’ म्हणजे गादीच्या कड्याला चीर. बल्जची ती व्याख्या देणाऱ्या २०१४च्या नामकरणाच्या शिफारशींनी ‘टेअर’ टाळून ‘फिशर’ लिहा असं सुचवलं, कारण पहिल्याने काहीतरी आघात होऊन फाटल्याचा भास होतो. आपल्याकडे तरी ‘टेअर’ अजून सुखाने नांदतो आहे. दुसरा शब्द ‘एक्स्ट्रूजन’, त्याच्यापुढची पायरी ‘सीक्वेस्ट्रेशन’: गादीचा तुकडा बाहेर पडला, किंवा पडून पार सुटा झाला. ऐकताना हे सगळ्यात भीषण. आणि नेमका हाच प्रकार आपणहून विरघळण्याची शक्यता सगळ्यात जास्त. २०१५च्या एका आढाव्यात सुट्या तुकड्यांपैकी ९६ टक्के कालांतराने आक्रसलेले किंवा नाहीसे झालेले आढळले, बाहेर पडलेल्यांपैकी ७० टक्के, आणि साध्या बल्जपैकी जेमतेम १३. तुकडा गादीच्या बंदोबस्तातून बाहेर आला की शरीर त्याला परका समजतं, त्यात रक्तवाहिन्या शिरतात, भक्षकपेशी त्याला खातात. तोवर वेदना प्रचंड असते, त्यात शंका नाही. पण ज्या शब्दाने घरचे हादरतात त्याचंच भविष्य उजळ आणि ज्या शब्दाला ते ‘किरकोळ’ म्हणतात तो मुक्कामाला, ही गंमत रिपोर्टाच्या भाषेत कुठेच उतरत नाही.

एकाच कवितेची दहा रसग्रहणं वाचायला मिळावीत, तसा प्रकार अमेरिकेत घडला. ६३ वर्षांची एक बाई, कंबर दुखते, उजव्या पायात कळ उतरते. तीन आठवड्यांच्या आत दहा वेगवेगळ्या केंद्रांवर तिचा एमआरआय काढला गेला. हा अभ्यास २०१७मध्ये ‘द स्पाइन जर्नल’मध्ये आला. दहा रिपोर्टांत मिळून ४९ वेगवेगळे दोष नोंदलेले. दहाच्या दहा रिपोर्टांत आढळला असा दोष एकही नाही. नऊ जणांचं एकमत झालं ते एकाच बाबतीत. सुमारे एक तृतीयांश दोष असे की ते एकाच रिपोर्टात दिसले, इतर नवांना त्यांचा पत्ता नाही. कवितेच्या बाबतीत आपण याला समृद्धी म्हणतो. इथे त्या बाईच्या कमरेत सुई कुठे घालायची हे ठरायचं असतं.

आणि वाचकावर परिणाम? कोइम्बतूरच्या गंगा हॉस्पिटलमध्ये डॉ. राजशेखरन आणि सहकाऱ्यांनी तो तपासला. जुनी कंबरदुखी असलेल्या ४४ रुग्णांचे दोन गट: एका गटाला रिपोर्ट जसाच्या तसा सविस्तर समजावला, दुसऱ्याला सांगितलं की हे सगळं वयानुसार असायचंच, काळजीचं काही नाही. सहा आठवड्यांनी पहिल्या गटाला आपल्या पाठीबद्दल जास्त धास्ती होती, त्यांचं दुखणं कमी उतरलं होतं आणि हालचालही मागे होती. फिल्म बदलली नव्हती, फक्त तिचं निरूपण. मग रिपोर्टाखालीच एक तळटीप छापली तर? ‘हे दोष न दुखणाऱ्यांतही इतक्या टक्क्यांत आढळतात’ अशी? अमेरिकेतल्या चार आरोग्यसंस्थांनी सुमारे अडीच लाख रुग्णांच्या बाबतीत हे करून पाहिलं, निकाल २०२०मध्ये आला. पुढच्या तपासण्या, इंजेक्शनं, शस्त्रक्रिया यांत एकंदर फरक पडला नाही. अफूजन्य गोळ्यांच्या चिठ्ठ्या किंचित घटल्या, एवढंच. छापील तळटीप कुणी वाचत नाही, हे संपादक केव्हापासून सांगताहेत. कोइम्बतूरला समोर बसून बोलणारं माणूस होतं.

इथवर वाचून कुणी एमआरआय म्हणजे फसवणूक असं समजेल तर ते चूक आहे. आपल्या देशात तर फारच महागात पडेल. मणक्याचा क्षय, डॉक्टरांच्या तोंडी ‘पॉट्स स्पाइन’, आपल्याकडे दुर्मीळ नाही. त्याची फिल्म वेगळ्याच हाताने लिहिलेली असते. शेजारशेजारच्या दोन मणक्यांचा आतला रंग बदललेला, ‘टी-वन’ या दुसऱ्या प्रकारच्या चित्रात काळा, टी-टूवर उजळ. त्यांच्या मधली गादी मात्र बराच काळ तग धरून, कारण साध्या पूजनक जिवाणूंकडे असतात तशी गादी पचवणारी विकरं क्षयाच्या जंतूकडे नसतात. आणि बाजूच्या स्नायूत उतरत गेलेला पू. एक्स-रेला हे कळायला हाडातलं निदान एक तृतीयांश खनिज जावं लागतं, एमआरआयला ते कितीतरी आधी कळतं. रात्री झोपेतून उठवणारी पाठदुखी, संध्याकाळची कणकण, घटणारं वजन, पूर्वी होऊन गेलेला कॅन्सर. किंवा लघवी अडणं आणि बैठकीची जागा बधिर होणं. असं काही असेल तर फिल्म त्याच दिवशी हवी. बधिरपणा आणि लघवीच्या तक्रारीत तर तासांचा हिशेब असतो. अशा वेळी रिपोर्टाच्या शैलीबद्दल बोलायची कुणाला सवड नसते, आणि गंमत अशी की अशा वेळी रिपोर्ट सहसा उत्तम लिहिलेला असतो. सांगण्यासारखं काही असलं की भाषा सुधारते.

आता शेवटची ओळ. जवळजवळ प्रत्येक रिपोर्ट ‘सजेस्ट क्लिनिकल कोरिलेशन’ने संपतो. लोकांना ती हात झटकणारी ओळ वाटते आणि बरेचदा ती तशीच लिहिलेली असते. माझ्या मते अख्ख्या रिपोर्टातली सर्वांत अर्थपूर्ण ओळ तीच. तिचा तपशील असा. चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी डाव्या बाजूने बाहेर आली तर ती सहसा डावी पाचवी नस पकडते. मग कळ नितंबातून मांडीच्या बाहेरून, नडगीच्या कडेने पावलाच्या वरच्या भागावर यायला हवी, तिथे मुंग्या हव्यात, आणि पायाचा अंगठा वर उचलताना जोर कमी पडायला हवा. त्याखालची गादी असेल तर घोट्यामागचा झटका मंदावतो, चवड्यावर उभं राहणं जमत नाही. उताण्या माणसाचा सरळ पाय वर उचलला की तीस ते सत्तर अंशांच्या दरम्यान चमक गुडघ्याखाली जाते. एवढं जुळलं तर फिल्म आणि माणूस एकच गोष्ट सांगताहेत. फिल्ममध्ये डावीकडे आणि दुखतं उजवीकडे, तर फिल्म कितीही देखणी असो, या दुखण्याशी तिचा संबंध नाही. (आडव्या छेदात पेशंटची उजवी बाजू आपल्या डावीकडे येते, जणू आपण त्याच्या पायथ्याशी उभे आहोत. नवशिक्यांची तारांबळ इथे ठरलेली.) आपल्याकडे रुग्ण कळ, चमक, ठणका, रग, उसण, आग, मुंग्या हे सगळं वेगवेगळं सांगतो, आणि यातलं अर्धं निदान असतं. गुडघ्याखाली विजेसारखी जाणारी चमक नसेची, कमरेत भरून राहिलेली रग बहुधा स्नायूची. हे ऐकायला पाच मिनिटं लागतात. ती पाच मिनिटं द्यायच्या आधीच फिल्म मागवायची रीत पडली आहे, आणि तिचा दोष यंत्रावर ढकलता येत नाही.

जुळलं, सहा आठवडे औषध-व्यायामाने उतार पडला नाही, तर चित्राचं दुसरं रूप कामाला येतं, आणि मला ते पहिल्यापेक्षा जास्त आवडतं. सी-आर्म. पालथ्या पेशंटभोवती कमानीसारखं फिरणारं एक्स-रे यंत्र, पडद्यावर जिवंत चित्र. एमआरआयच्या शेजारी हे चित्र दरिद्री आहे: करडं, धुरकट, गादी तर दिसतच नाही. यंत्र थोडं तिरकं केलं की मणक्यात एक छोटा कुत्रा दिसायला लागतो, स्कॉटी जातीचा; जगभरचे डॉक्टर त्याला त्याच नावाने ओळखतात. कान, नाक, डोळा, मान. नसेपाशी औषध सोडायचं तर सुई त्याच्या हनुवटीखाली न्यायची, सांध्याची बारीक नस जाळायची तर डोळ्यापाशी. सुई जागेवर आली की एक-दोन थेंब रंगद्रव्य सोडतात. नसेच्या कडेने एक काळी रेघ तिरपी खाली उतरत जाते आणि तिथेच थांबते. रेघ थांबली नाही, क्षणात वाहून गेली, तर सुई रक्तवाहिनीत आहे. तिथे कणांचं स्टेरॉइड गेलं तर पाय कायमचे लुळे पडू शकतात. म्हणजे ही रेघ पाहणं हीच सुरक्षितता. आणि त्याच क्षणी, पूर्ण जागा असलेला पेशंट पालथ्या तोंडाने म्हणतो, ‘हां, हीच कळ, इथूनच जाते.’ त्या दीड पानी रिपोर्टाला जे साधलं नव्हतं ते या धुरकट पडद्यावर साधतं. आराम बहुधा काही आठवड्यांचा असतो, फार तर काही महिन्यांचा. तेवढ्या अवधीत नस स्वतःच शांत होते, माणूस चालायला लागतो.

देखणेपणावर विश्वास ठेवायचा किती, याचं एक उदाहरण इथेच देऊन टाकतो. ठिसूळ होऊन चेपलेल्या मणक्यात सी-आर्मखाली सिमेंट भरायची पद्धत १९८०च्या दशकात फ्रान्समध्ये सुरू झाली. पडद्यावर ती पाहणं हा सोहळा असतो: भेगाळलेल्या हाडात काळं सिमेंट पसरत जातं, हाड भरून येतं, पेशंट दुसऱ्या दिवशी चालतो. मग २००९मध्ये दोन चाचण्यांनी निम्म्या लोकांवर नुसतं नाटक केलं; सुई, बधिरता, बोलणं सगळं तेच, सिमेंट नाही. दुखणं दोन्ही गटांत सारखंच कमी झालं. नंतर एका चाचणीत अगदी ताज्या फ्रॅक्चरना फायदा दिसला, त्यामुळे वाद मिटलेला नाही. पण ‘आधीचा’ आणि ‘नंतरचा’ असे दोन फोटो शेजारी लावून कुणी काही विकायला आलं तर हे आठवावं.

पायातली कळ गेली, माणूस कामाला लागला, की आणखी एक मागणी येते: पुन्हा एकदा एमआरआय काढू, गादी आत गेली का ते बघू. नेदरलंड्समधल्या डॉक्टरांनी सायटिकाच्या २८३ रुग्णांचा वर्षभराने पुन्हा एमआरआय काढला. त्यांचा निबंध २०१३चा. जे बरे झाले होते त्यांच्यापैकी ३५ टक्क्यांची गादी अजून बाहेरच होती. जे बरे झाले नव्हते त्यांच्यापैकी ३३ टक्क्यांची. कुणाचा पाय दुखतो आणि कुणाचा नाही, हे त्या दुसऱ्या फिल्मवरून ओळखता येईना. ते विचारायला रुग्णाला फोन करावा लागला असता, आणि तो एमआरआयपेक्षा पुष्कळ स्वस्त पडतो.